जादा फ्यूज पॅनेलचा मुख्य फ्यूज वारंवार उडत असेल तर

टूरिंगच्या मोटारसायकलवर जादा दिवे, हँडलचे हीटर, मोबाइल चार्जर आणि दुहेरी हॉर्न चालवण्यासाठी स्वतंत्र फ्यूज पॅनेल बसवलेल्या अनेकांची तक्रार एकाच स्वरूपाची असते. बसवल्यानंतर काही आठवडे सगळे सुरळीत चालते. मग एखाद्या घाटात, बहुधा रात्री किंवा पावसात, पॅनेलवरची सगळी उपकरणे एकदम बंद पडतात. सीट उघडून पाहिले तर पॅनेलवरचे छोटे फ्यूज शाबूत असतात आणि बॅटरीजवळचा मुख्य फ्यूज उडालेला असतो. नवा फ्यूज घातला की शे-दोनशे किलोमीटर काही होत नाही आणि पुन्हा तेच घडते. गाडीचे मूळ वायरिंग या फ्यूजवर अवलंबून नसल्यामुळे गाडी मात्र चालूच राहते, आणि म्हणूनच हे दुखणे बराच काळ अंगावर काढले जाते.

मुख्य फ्यूज २० अँपिअरचा असेल तर त्या जागी ३० अँपिअरचा घालावा, हा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. तो कोणत्याही परिस्थितीत स्वीकारू नये. हा फ्यूज उपकरणाच्या नव्हे, तर वायरच्या रक्षणासाठी असतो. बॅटरीपासून पॅनेलपर्यंतची वायर २.५ चौरस मिलिमीटरची, म्हणजे दुकानातल्या भाषेत अडीच एमएमची असेल, तर तिच्यासाठी २० अँपिअर ही योग्य मर्यादा आहे. ३० अँपिअरसाठी निदान ४ चौरस मिलिमीटरची वायर लागते. वायर तीच ठेवून फ्यूज मोठा केला, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायरचे आवरण वितळेल, आणि ती वायर पेट्रोलच्या टाकीखालून जात असेल तर ते तिथेही वितळू शकते. मोटारसायकलची बॅटरी आकाराने लहान असली तरी पूर्ण शॉर्टच्या क्षणी तिच्यातून शंभराहून अधिक अँपिअर वाहू शकतात, हे लक्षात घेतले म्हणजे या सल्ल्यातला धोका कळतो.

उडालेला फ्यूज आधी नीट पाहावा

उडालेला फ्यूज रस्त्याकडेला फेकून देणे म्हणजे हाती आलेला पुरावा टाकून देणे होय. तो दिवसाच्या उजेडात हातात धरून पाहावा. ब्लेड फ्यूजच्या पारदर्शक प्लास्टिकमधून आतली धातूची पट्टी दिसते. पट्टी मधोमध, जिथे ती सर्वांत अरुंद असते तिथे, स्वच्छ वितळून तुटलेली असेल आणि टोकांना लहान गोळ्या आलेल्या असतील, तर फ्यूजवर त्याच्या क्षमतेपेक्षा थोडा जास्त भार बराच वेळ राहिला असे समजावे. प्लास्टिक आतून काळे पडले असेल आणि त्यावर धातूचे बारीक कण उडून चिकटले असतील, तर कुठेतरी पॉझिटिव्ह वायर थेट चासीला टेकली होती, म्हणजे सरळ शॉर्ट झाला होता. तिसरा प्रकार सर्वाधिक दुर्लक्षित आहे: प्लास्टिक मधोमध नव्हे तर पायांपाशी मऊ होऊन बसलेले असते, एका पायाचा रंग तपकिरी किंवा निळसर झालेला असतो, आणि क्वचित पट्टी तुटलेलीही नसते. असा फ्यूज अतिप्रवाहाने गेलेला नसतो. तो होल्डरमधल्या सैल जोडणीच्या उष्णतेने गेलेला असतो.

फ्यूज कधी उडाला, ही वेळही तितकीच महत्त्वाची आहे. ब्लेड फ्यूज छापील आकड्याला स्पर्श होताच तुटत नाही. प्रमाणित फ्यूज क्षमतेच्या १३५ टक्के प्रवाहावर, म्हणजे २० अँपिअरचा फ्यूज २७ अँपिअरवर, दहा मिनिटांपर्यंत तग धरू शकतो. दुप्पट प्रवाहावर तो फार तर पाच सेकंद टिकतो. त्यामुळे किल्ली फिरवताच किंवा हँडल वळवताच फ्यूज जात असेल तर शॉर्ट शोधावा, आणि सगळे दिवे व हीटर लावून काही मिनिटे गेल्यावर जात असेल तर भार आणि जोडण्या तपासाव्यात. अर्थात हे वेळापत्रक चांगल्या प्रतीच्या फ्यूजलाच लागू पडते. बाजारात मिळणाऱ्या अगदी स्वस्त फ्यूजच्या डब्यांतले काही फ्यूज दुप्पट प्रवाहावरही वितळत नाहीत, आणि असा फ्यूज असणे हे फ्यूज नसण्यापेक्षा वाईट आहे, कारण आपण त्याच्या भरवशावर निर्धास्त राहतो.

पावसात उडतो म्हणून पाण्याला दोष देण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बारा व्होल्टवर पॅनेलच्या दोन टोकांमध्ये पावसाचे पाणी साचले तरी त्यातून जाणारा प्रवाह मिलिअँपिअरमध्ये मोजण्याइतका असतो, त्याने २० अँपिअरचा फ्यूज उडत नाही. पावसात धुके असते, म्हणून जादा दिवे लागतात. थंडी वाजते, म्हणून हीटर चालू होतो. वळणावळणावर हॉर्न वाजतो. सगळा भार एकाच वेळी येतो, आणि आधीपासून असलेली कमजोरी तेव्हा उघड होते. पाण्याचा खरा दोष सावकाश दिसतो: ओल शिरलेल्या जोडणीत तांब्यावर हिरवट थर चढतो आणि तिचा विद्युतरोध वाढत जातो. कोकणच्या किनाऱ्यालगत राहणाऱ्यांच्या गाड्यांत खाऱ्या हवेमुळे हे लवकर होते.

भाराचा हिशेब

वॅटच्या आकड्याला १३.५ ने भागले की चालू इंजिनावरचा प्रवाह अँपिअरमध्ये मिळतो. प्रत्येकी ४० वॅटचे दोन एलईडी दिवे धरले तर सुमारे ६ अँपिअर होतात. हँडलचे हीटर ३ अँपिअरच्या आसपास, जलद चार्जर २ ते ३ अँपिअर, म्हणजे सलग चालणारा भार १२ अँपिअरच्या घरात गेला. दुहेरी डिस्क हॉर्न वाजतो तेवढा वेळ त्यात ८ अँपिअरच्या आसपास भर पडते. ही बेरीज २० ला टेकते, तरी हॉर्नचा वेळ काही सेकंदांचा असल्यामुळे २० अँपिअरचा फ्यूज ते सहन करतो. मात्र एलईडीऐवजी ५५ वॅटचे दोन हॅलोजन असतील, किंवा डिस्क हॉर्नऐवजी कंप्रेसरवर चालणारा एअर हॉर्न असेल, तर हिशेब बिघडतो. एअर हॉर्नचा कंप्रेसर एकटाच १५ ते २० अँपिअर ओढू शकतो, आणि माझ्या मते त्याची जागा या पॅनेलवर नाहीच. त्याला बॅटरीवरून स्वतंत्र रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि स्वतंत्र फ्यूज द्यावा. पंक्चरच्या वेळी लागणारा हवेचा पंपही ८ ते १० अँपिअर घेतो, म्हणून तो चालवताना दिवे आणि हीटर बंद ठेवावेत.

सलग भार फ्यूजच्या क्षमतेच्या तीन-चतुर्थांशापर्यंतच असावा, असा संकेत आहे. सीटखाली इंजिनची ऊब पोचते, आणि गरम जागेत फ्यूज लवकर वितळतो. हा संकेत पाळला तर २० अँपिअरच्या फ्यूजवर १५ अँपिअरपर्यंत सलग भार ठेवता येतो. प्रत्यक्ष प्रवाह मोजायचा असेल तर क्लॅम्प मीटर उत्तम, पण तो डीसी प्रवाह मोजणारा आहे याची खात्री करून घ्यावी, कारण स्वस्तातले बहुतेक क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतात आणि बॅटरीच्या वायरवर शून्य दाखवतात. साध्या मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या खाचेतून सगळ्या पॅनेलचा प्रवाह नेऊ नये.

शॉर्ट शोधण्याची पद्धत

फ्यूज आतून काळा पडलेला असेल तर एकामागून एक नवे फ्यूज घालून पाहणे हा पैशाचा आणि वेळेचा अपव्यय आहे. त्याऐवजी इंडिकेटरचा २१ वॅटचा साधा बल्ब, होल्डर आणि हातभर वायर घ्यावी. उडालेल्या फ्यूजचे प्लास्टिक पक्कडीने फोडून त्याचे दोन पाय सुटे करावेत, बल्बच्या दोन वायरी त्या पायांना डाग देऊन जोडाव्यात, आणि हे पाय मुख्य फ्यूजच्या होल्डरमध्ये बसवावेत. दिवे, हॉर्न, चार्जर, हीटर अशा सगळ्या उपकरणांचे कनेक्टर त्यांच्या टोकाकडून काढून ठेवावेत, पॅनेलवरचे छोटे फ्यूज जागेवर राहू द्यावेत, जादा दिव्यांचा स्विच चालू ठेवावा आणि किल्ली फिरवावी. वायरिंग निर्दोष असेल तर बल्ब लागणार नाही. कुठे शॉर्ट असेल तर तो पूर्ण तेजाने पेटेल, आणि त्याच्यातून दोन अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह जात असल्यामुळे ना धूर होईल, ना वायर तापेल.

आपला दोष अधूनमधून येणारा असल्यामुळे बल्ब बहुधा लगेच पेटत नाही. मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश वळवावे, सीटच्या जागी गुडघ्याने भार द्यावा, पुढचा सस्पेन्शन दाबून सोडावा, आणि वायरचा संच हाताने थोडाथोडा हलवत पुढे सरकावे. ज्या हालचालीला बल्ब लुकलुकतो, तिथे थांबावे. त्याच क्षणी पॅनेलवरचा एकेक छोटा फ्यूज काढत गेले की कोणता फ्यूज काढल्यावर बल्ब विझतो त्यावरून सदोष शाखा सापडते. सगळे काढूनही बल्ब पेटलेलाच राहिला तर दोष मुख्य फ्यूज आणि पॅनेल यांच्यामधल्या वायरमध्ये आहे. खरे तर या तक्रारीत छोटे फ्यूज शाबूत राहत असल्यामुळे संशयाची पहिली सुई त्या मधल्या वायरकडेच जायला हवी. एक अपवाद आहे: शाखेचा फ्यूज मुख्य फ्यूजच्या जवळपास क्षमतेचा घातलेला असेल, तर शाखेतल्या शॉर्टनेही मुख्य फ्यूज आधी जाऊ शकतो. म्हणून शाखांवर ५, ७.५ आणि १० अँपिअरचेच फ्यूज असावेत.

वायर कुठे कापली जाते, याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली जागा म्हणजे चासीची मान, जिथे हँडल वळताना वायर एका बाजूला ताणली आणि दुसऱ्या बाजूला चेंगरली जाते. दिव्यांची वायर इथून नेताना हँडल सरळ ठेवून टाय (वायर बांधण्याची प्लास्टिकची पट्टी) आवळला, तर हँडल पूर्ण वळल्यावर वायरला जायला जागाच उरत नाही; टायच्या कडेशी आवरणाला आधी पांढरी रेघ पडते, मग चीर, आणि शेवटी तांबे उघडे पडते. इथला टाय हँडल दोन्ही टोकांना नेऊन पाहूनच आवळावा. दुसरी जागा टाकीच्या मागच्या बोल्टखाली, जिथे सर्व्हिसिंगच्या वेळी टाकी परत बसवताना वायर चिमटली जाते. तिसरी क्रॅश गार्डवरच्या दिव्याचा क्लॅम्प. तो सैल होऊन फिरला की वायर पिळली जाते. आणि पॅनेलच सीटखाली असेल तर त्याच्यावर ठेवलेली पान्यांची पिशवी तपासावी. झाकण नसलेल्या किंवा झाकण निसटलेल्या पॅनेलच्या पॉझिटिव्ह बोल्टवर एखादा पाना आडवा पडून चासीला टेकणे, हे वाटते त्यापेक्षा पुष्कळदा घडते.

शॉर्ट नाही, भार कमी आहे, तरीही फ्यूज जातो

अनेकांचे प्रश्न इथे येऊन अडतात. क्लॅम्प मीटर १३ अँपिअर दाखवतो, बल्बच्या चाचणीत काही सापडत नाही, आणि तरीही २० अँपिअरचा फ्यूज महिन्या-दोन महिन्यांनी जातो. फ्यूजला प्रवाहाचा आकडा कळत नाही, त्याला फक्त स्वतःचे तापमान कळते. होल्डरमधली पकड सैल असेल किंवा त्याच्या शेपटीची, म्हणजे होल्डरबरोबर येणाऱ्या वायरीच्या तुकड्याची, क्रिम्पिंग (दाबून केलेली जोडणी) कच्ची असेल, तर तिथे निर्माण होणारी उष्णता फ्यूजच्या पायांतून पट्टीत जाते आणि पट्टी आपल्या क्षमतेच्या आतच वितळते.

हे मोजता येते. इंजिन चालू ठेवून पॅनेलवरचा सगळा सलग भार लावावा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह बोल्टवर आणि काळे टोक पॅनेलच्या पॉझिटिव्ह बोल्टवर टेकवावे. मीटर जे दाखवेल तो या दोन बिंदूंमध्ये वाया जाणारा विजेचा दाब (व्होल्टेज). फ्यूज, होल्डर, पॅनेल किल्लीबरोबर चालू करणारा रिले आणि हातभर वायर मिळून ०.२ ते ०.३ व्होल्ट दिसले तर ठीक समजावे. ०.५ च्या पुढे आकडा गेला तर एकेक टप्पा वेगळा मोजावा: बॅटरी ते होल्डरचा अलीकडचा पाय, होल्डरचे दोन पाय, होल्डर ते रिले, रिलेचे ३० आणि ८७ क्रमांकाचे पाय, आणि शेवटी रिले ते पॅनेल. एका जोडणीत ०.४ व्होल्ट जात असतील आणि प्रवाह १५ अँपिअर असेल, तर हरभऱ्याएवढ्या जागेत ६ वॅट उष्णता तयार होत आहे. प्लास्टिकचा होल्डर ती फार काळ सोसू शकत नाही.

दोष बहुधा होल्डरच्या बारीक शेपटीत निघतो. होल्डरवर ३० अँपिअर छापलेले असते आणि त्याला जोडलेली वायर १ चौरस मिलिमीटरचीही नसते. होल्डर घेताना शेपटीची जाडी पाहावी, आणि तिच्या टोकाचा एक तार-धागा पात्याने खरवडावा. आतून चंदेरी निघाला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर आहे. मोटारसायकलवर ती वापरू नये. ती कंपनाने तुटते, ओलीत कुजते, आणि तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा तिचा रोध बराच जास्त असतो. एकदा तापून सैल झालेला होल्डर पक्कडीने दाबून पुन्हा वापरण्यात अर्थ नाही, कारण त्याच्या पितळी पट्ट्यांचा ताण गेलेला असतो.

लग (वायरच्या टोकाला बसवायची, बोल्टवर लावायची धातूची कडी) बसवताना त्या मापाच्या रॅचेट क्रिम्परचाच, म्हणजे ती दाबून बसवणाऱ्या पक्कडीचाच, वापर करावा आणि वर चिकट अस्तराची हीट श्रिंक (उष्णतेने आवळणारी) नळी चढवावी. फक्त डाग देऊन केलेली जोडणी टेबलावर मजबूत दिसते, पण कथील वायरीत जिथवर चढते तिथे ती ताठ होते आणि इंजिनच्या कंपनाने नेमकी त्या सीमेवर तुटते. बॅटरीच्या बोल्टवर मूळ वायरचा लग सर्वांत खाली, शिशाला चिकटून असावा आणि जादा लग त्याच्यावर यावेत. काम सुरू करताना निगेटिव्ह आधी काढावे आणि शेवटी लावावे, म्हणजे पाना चासीला लागला तरी ठिणगी पडणार नाही.

निगेटिव्ह बाजूही अशीच मोजावी: एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरे दिव्याच्या अर्थ (प्रवाह परत नेणाऱ्या निगेटिव्ह) वायरवर. इथे दाब जास्त दिसला तर दिव्याची अर्थ वायर क्रॅश गार्डच्या रंगावर किंवा हँडलवर दिलेली आहे का ते पाहावे. हँडलवरून परतणारा प्रवाह मानेच्या बेअरिंगमधून जातो, आणि ते त्याचे काम नाही. सगळ्या अर्थ वायरी पॅनेलच्या निगेटिव्ह पट्टीवर आणून तिथून २.५ चौरस मिलिमीटरची एकच वायर थेट बॅटरीला न्यावी.

रिले आणि त्याला चालना देणारी वायर

पॅनेल किल्लीबरोबर चालू व्हावे म्हणून रिलेच्या कॉइलला गाडीच्या एखाद्या वायरीवरून चालना दिली जाते. कॉइल ०.२ अँपिअरहून कमी घेते, त्यामुळे भाराचा प्रश्न नसतो. प्रश्न वायरच्या निवडीचा असतो. अलीकडच्या अनेक गाड्यांत एलईडी टेललाइटला सलग दाब न देता तुटक स्पंदने दिली जातात. त्या वायरवरून चालना घेतली तर रिले थरथरतो, दर थरथरीला दिव्यांचा आरंभीचा मोठा प्रवाह पुन्हा वाहतो, आणि रिलेचे संपर्कबिंदू जळतात. सीटखालून माशीसारखी घरघर येत असेल तर कारण हेच समजावे आणि किल्लीवर सलग १२ व्होल्ट देणारी वायर शोधावी. ती वायर निळ्या टॅप कनेक्टरने चावून जोडू नये. त्याचे पाते वायरचे काही धागे कापते आणि मूळ वायरिंगमध्येच कमजोर जागा तयार होते.

रिले बदलल्यानंतर किल्ली फिरवताच चालना देणाऱ्या वायरचा फ्यूज उडू लागला असेल, तर नव्या रिलेच्या अंगावरची आकृती पाहावी. आत डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेल्या रिलेत कॉइलच्या ८६ क्रमांकाच्या पायाला पॉझिटिव्ह आणि ८५ ला निगेटिव्हच द्यावे लागते. उलटे दिले तर डायोड सरळ शॉर्ट करतो आणि त्या मूळ फ्यूजवरचा टेललाइटही बंद पडतो, जो रात्रीच्या रस्त्यावर फार मोठा धोका आहे. चालना देणाऱ्या वायरमध्ये स्वतःचा २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज घातलेला असला तर टेललाइट तरी वाचतो.

बॅटरी उतरत असेल तर

फ्यूज शाबूत आहे पण बॅटरी उतरते, ही तक्रार वेगळी आहे आणि तिची कारणेही वेगळी आहेत. मोटारसायकलचा अल्टरनेटर ठरावीक वॅटच देऊ शकतो, आणि १ एप्रिल २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर सतत चालूच राहत असल्यामुळे त्यातला एक वाटा कायमचा खर्ची पडतो. सगळा भार लावून प्रवासात असतो तेवढ्या आरपीएमला इंजिन ठेवावे आणि बॅटरीवरचा दाब पाहावा. १३.५ व्होल्टच्या आसपास असेल तर उत्पन्न पुरते, १२.८ च्या खाली येऊन घसरत राहिला तर काही ना काही काढावे लागेल, आणि मोठा फ्यूज किंवा जाड वायर त्यावर उपाय नाही.

गाडी उभी असताना बॅटरी उतरत असेल तर पॅनेलवर किल्लीशिवाय सतत चालू राहणारी शाखा पाहावी. यूएसबी चार्जर मोबाइल न लावताही काही मिलिअँपिअर घेतो. २० मिलिअँपिअर धरले तरी ८ अँपिअर-अवरची बॅटरी सतरा दिवसांत रिकामी होते, आणि इंजिन सुरू न होण्याइतकी त्याच्या कितीतरी आधी उतरते. चार्जर रिलेच्या पुढे, म्हणजे किल्लीबरोबर चालू-बंद होणाऱ्या बाजूला, जोडला की हा प्रश्न सुटतो.

दुरुस्ती झाल्यावर मुख्य फ्यूजचा होल्डर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून एका वीतेच्या आत आहे ना, हे पाहावे, कारण त्याच्या अलीकडच्या वायरला कोणतेही संरक्षण नसते. मग सगळा भार लावून पंधरा-वीस मिनिटे गाडी चालवावी, उतरल्याबरोबर सीट काढावी आणि होल्डर, रिलेचा पाया व बॅटरीचे लग यांना बोट लावून पाहावे. कोमट लागणे ठीक. बोट ठेववत नसेल तर ती जोडणी पुन्हा करावी. पाचेकशे किलोमीटरनंतर बॅटरीचे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत, कारण नवे लग पहिल्या काही दिवसांत दबून बसतात आणि बोल्ट थोडे सैल होतात.